मेणवलीचे नाना

वाईहून धोमच्या बाजूस कृष्णेच्या काठाने कोसभर गेले, म्हणजे मेणवली हे लहानसे गाव लागते. गावाच्या नदीकडील अंगास एक जुना, भक्कम वाडा आहे. वाड्याच्या मागील दाराने बाहेर पडून चार पावले खाली उतरले की एकाएकी समोर कृष्णामाई दिसते आणि तिच्या काठावर काळ्या घडीव दगडांचा अर्धचंद्राकार घाट दिसतो. हा वाडा आणि हा घाट ज्यांनी बांधविला, ते पुरुष पेशवाईतील फार मोठे मुत्सद्दी होते. पुण्यास बसून ते दिल्ली, हैदराबाद, श्रीरंगपट्टण आणि कलकत्ता येथील राजकारणाचे धागे हाती ठेवीत. त्यांचे नाव बाळाजी जनार्दन भानू. इतिहास त्यांस नाना फडणीस या नावाने ओळखतो.

नानांचा जन्म १२ फेब्रुवारी १७४२ रोजी सातारा येथे झाला. भानू घराणे मूळचे कोकणातील वेळास गावचे. बाळाजी विश्वनाथ भट यांना पेशवेपद मिळाले, तेव्हा भानूंचा व त्यांचा घरोबा जुनाच होता. नानांचे आजोबा बाळाजी महादेव हे पेशव्यांबरोबर दिल्लीस गेले होते. तेथे १७१९ मध्ये झालेल्या दंग्यात ते कामास आले. त्या इमानाची आठवण ठेवून पेशव्यांनी फडणिशी या घराण्याकडे दिली. फडणिशी म्हणजे राज्याच्या जमाखर्चाचे काम. कोणत्या परगण्यातून किती वसूल आला, कोणत्या पथकात किती स्वार हजर आहेत, कोणत्या किल्ल्यावर किती दाणा साठविला आहे, हे सारे फडणिसाच्या कागदांवर उतरे. १७५६ साली वडील जनार्दनपंत वारले आणि चौदा वर्षांच्या नानांच्या खांद्यावर हे काम येऊन पडले. इतर मुले विटीदांडू खेळतात, त्या वयात हा किडकिडीत, सावळा, प्रकृतीने नाजूक मुलगा कारकुनांच्या मेळ्यात बसून वह्या तपासू लागला.

नाना एकोणिसाव्या वर्षात होते, तेव्हा सदाशिवरावभाऊंची स्वारी उत्तरेस निघाली. सैन्याबरोबर यात्रेकरूही पुष्कळ निघाले. फौजेच्या आश्रयाने उत्तरेकडील तीर्थे घडतील, ही त्यांची आशा होती. नानांनी आपली आई रखमाबाई आणि पत्नी यशोदाबाई यांस बरोबर घेतले. मथुरा-वृंदावन झाले, यमुनेचे स्नान झाले. परंतु काशी-गयेचा योग आईच्या नशिबी नव्हता. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा पराभव झाला आणि त्या धुमाळीत माणूस माणसास पारखा झाला. नाना जीव वाचविण्यासाठी पायी निघाले. अंगावरचे कपडेही लुटारूंनी सोडले नाहीत. सोबतीचे लोक डोळ्यांदेखत कापले गेले. शत्रूचे स्वार दिसले की उंच गवतात निजून राहावे आणि ते दूर गेले की पुन्हा चालू लागावे, असे करीत ते रेवाडीस पोचले. तेथे एका सावकाराने त्यांस आश्रय दिला. पुढे पत्नीची भेट झाली, पण आई मात्र परत आली नाही. हा सर्व प्रसंग नानांनी स्वतः लिहून ठेवला आहे. तरुणपणचे आपले दोषही त्या लेखात त्यांनी लपविलेले नाहीत. त्या काळी आत्मचरित्र लिहिण्याची आपल्याकडे रीत नव्हती, म्हणून त्या लहानशा लिखाणाचे मोल फार आहे.

पानिपतानंतर नानासाहेब पेशवे वारले व त्यांचे पुत्र माधवराव गादीवर आले. माधवरावांनी नानांची हुशारी ओळखली. स्वारीवर जाताना पुण्याचा कारभार ते नानांच्या भरवशावर सोडीत. याच काळात, १७६८ मध्ये, औंधचे भवानराव प्रतिनिधी आणि रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी मेणवली गाव नानांस इनाम दिले. तेथे नानांनी सहा चौकांचा वाडा उठविला आणि नदीस घाट बांधला.

नदीला घाट बांधणे हे दिसते तितके सोपे काम नाही. घराच्या भिंतीस वरून पावसाचा मारा असतो. घाटास खालून, समोरून आणि मागूनही पाणी छळते. कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते. त्या डोंगरावर पावसाळ्यात शेकडो इंच पाऊस पडतो. आता वरच्या अंगास धोमचे धरण झाले आहे. त्या काळी मात्र तो सारा लोंढा मोकळाच वाईकडे धावत येई. दगडाच्या सांध्यांत पाणी शिरले आणि आतील माती वाहून गेली, की वरची पायरी खचते. एक पायरी खचली की शेजारचीही ढिली होते. म्हणून पाथरवट प्रत्येक दगड असा घडवितात की तो शेजारच्या दगडास अंगभर टेकावा. पाया खडकापर्यंत न्यावा लागतो. पायऱ्यांवरून पाणी चढावे व उतरावे, त्यास कोठे अडून धडक द्यावी लागू नये, अशी घाटाची मांडणी ठेवावी लागते. मेणवलीचे पाथरवट हे सर्व जाणणारे होते. त्यांची नावे आपणांस ठाऊक नाहीत, पण त्यांच्या हाताची सफाई अडीचशे पावसाळ्यांनी पारखून पाहिली आहे. या घाटावर कोणीही यावे, पाणी भरावे, धुणे धुवावे, स्नान करावे. वाडा नानांचा होता. घाट सर्वांचा झाला.

घाटावर मेणेश्वराचे आणि विष्णूचे अशी देवळे आहेत. तेथेच एका लहान दगडी मंडपात एक भली मोठी घंटा टांगलेली आहे. ती पाहून मुलांस मौज वाटेल, कारण तिच्यावर बाळ येशूला घेतलेल्या मेरीची आकृती असून १७०७ हे साल घातलेले आहे. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांकडून वसई जिंकली, तेव्हा तेथील गिरजाघरांच्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठ्यांनी देशावर आणल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांत बांधल्या. त्यांपैकीच ही एक.

मेणवलीस निवांत राहावे, नदीकाठी पूजाअर्चा करावी, अशी नानांची हौस असली तरी तसे दिवस त्यांच्या वाट्यास थोडेच आले. १७७२ साली माधवराव क्षयाने वारले. पुढच्याच वर्षी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, त्यांचे धाकटे बंधू नारायणराव यांचा शनिवारवाड्यात खून झाला. चुलते रघुनाथराव गादीवर बसले. या अन्यायाविरुद्ध कारभारी मंडळी एक झाली. या मंडळीस बारभाई म्हणत. १८ एप्रिल १७७४ रोजी पुरंदर किल्ल्यावर नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई यांस पुत्र झाला. चाळीस दिवसांच्या त्या बाळास पेशवाईची वस्त्रे मिळाली. हेच सवाई माधवराव. त्यांच्या नावाने राज्य चालविण्याचा भार हळूहळू एकट्या नानांवर येत गेला.

रघुनाथराव इंग्रजांकडे गेले व इंग्रज त्यांची बाजू घेऊन लढावयास आले. तेव्हा नानांनी एकाच वेळी निजाम, हैदर आणि नागपूरकर भोसले यांस इंग्रजांविरुद्ध उभे करण्याची खटपट केली. १७७९ च्या जानेवारीत पुण्यावर चालून आलेल्या इंग्रज फौजेस वडगावास शरण यावे लागले. १७८२ मध्ये महादजी शिंद्यांच्या मध्यस्थीने सालबाईचा तह झाला आणि पुढे वीस वर्षे इंग्रजांनी पुण्याच्या वाटेस जाण्याचे धाडस केले नाही. नाना स्वतः तलवारबहाद्दर नव्हते. पेशवाईतील साडेतीन शहाण्यांत लोकांनी त्यांस अर्धेच धरले, ते यामुळेच. बाकीचे तिघे लेखणीबरोबर तलवारही चालवीत. पण नानांच्या हेरांची जाळी इतकी दूरवर पसरलेली होती, की परक्या दरबारांतील मसलती त्यांस बसल्या जागी कळत. या गुणाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सर्वांवर नजर ठेवणाऱ्यास कोणाचाच पुरता विश्वास वाटत नाही. ज्या सखारामबापूंच्या खांद्यास खांदा लावून नानांनी बारभाईंचा कारभार केला, त्या वृद्ध मुत्सद्द्यास अखेर नानांच्याच कैदेत किल्ल्यावर दिवस काढावे लागले.

त्या वीस वर्षांत पुणे शहर वाढले. पेठा वसल्या, माणसे आली आणि पाणी अपुरे पडू लागले. नानासाहेब पेशव्यांनी पूर्वीच कात्रजच्या डोंगराच्या पायथ्याशी बंधारे घालून बंदिस्त दगडी पाटाने पाणी शहरात आणले होते. माणूस आत उतरून चालू शकेल एवढा तो पाट मोठा होता. नाना फडणिसांनी याच धर्तीवर नऱ्हे-आंबेगावाकडून आणखी एक नळ आणविला आणि त्याचे पाणी सदाशिव पेठेतील हौदात सोडले. या कामात पंप नाही, यंत्र नाही. पाण्यास फक्त उतार हवा. उतार फार दिला तर पाणी वेगाने धावून दगडी तळ खरवडते; कमी दिला तर गाळ साचून वाट बुजते. म्हणून कोसभर अंतरात पाट किती उतरावा, याचा हिशेब नेमका ठेवावा लागतो. वाटेत जागोजाग उच्छ्वास बांधीत. उच्छ्वास म्हणजे पाटावर उभारलेले धुराड्यासारखे पोकळ बांधकाम. त्यातून आत कोंडलेली हवा बाहेर पडे, पाण्याचा जोर आवरला जाई आणि गाळ काढण्यास माणसालाही वाट सापडे. जमाखर्चाच्या वहीत दमडीचा फरक खपवून न घेणाऱ्या माणसास असले काम आवडले असल्यास नवल नाही.

नानांनी भीमाशंकराच्या देवळाचे शिखर बांधविले, लोहगडावर पाण्याची बाव बांधविली, पुण्यात बेलबागेचे देऊळ उभारले. परंतु त्यांनी हाती घेतलेले सर्वांत अवघड काम महाराष्ट्रापासून फार दूर, काशीच्या पलीकडे होते. ते म्हणजे कर्मनाशा नदीवरील पूल.

कर्मनाशा ही नदी कैमूरच्या डोंगरात उगम पावते व चौसा गावाजवळ गंगेस मिळते. आज उत्तर प्रदेश आणि बिहार या राज्यांची सीमा काही भागात तिच्यावरून जाते. नद्यांस आपण माता म्हणतो, परंतु या बिचाऱ्या नदीच्या वाट्यास भलतीच अपकीर्ती आली. त्रिशंकू राजाच्या कथेशी तिचा संबंध जोडून लोकांनी असे मानले, की तिच्या पाण्याचा स्पर्श झाला तर मनुष्याचे सारे पुण्य धुऊन जाते. काशीहून गयेस जावयाचे तर ही नदी ओलांडावीच लागे. महिनोन् महिने पायपीट करून, वाटेतील चोराचिलटांना तोंड देऊन काशीस पोचलेला यात्रेकरू या नदीच्या काठी येऊन घाबरून उभा राही. मग काठावरचे लोक पैसे घेऊन त्यास खांद्यावर बसवीत आणि पलीकडे नेत. म्हातारी माणसे, बायका, मुले यांची त्यात फार अडचण होई. ज्याच्याजवळ पैसा नसे, त्याने काय करावे? आज ही समजूत आपणांस खुळी वाटेल. पण त्या यात्रेकरूची भीती खरी होती आणि त्याचा खोळंबाही खरा होता.

नानांनी तेथे दगडी पूल बांधावयाचे ठरविले. ज्याची आई तीर्थयात्रेस निघून वाटेतच हरपली, त्याच्या मनास ही गोष्ट लागावी, हे स्वाभाविकच होय. काम मात्र सर्व बाजूंनी बिकट होते. नदीच्या दोन्ही तीरांवर कंपनी सरकारचा अंमल होता. ज्यांच्याशी नानांनी आठ वर्षे झुंज दिली, त्यांच्याच मुलखात हा पूल उभारावयाचा होता. पुण्याहून काशी म्हणजे आठशे मैलांहून अधिक अंतर. पैसा हुंडीने जाई, पत्रे जासुदांमार्फत जात. गवंड्याने काही विचारले, तर उत्तर येईपर्यंत कित्येक आठवडे लोटत.

त्याहून मोठा अडथळा नदीच्या तळाचा होता. आपल्याकडे कृष्णा, कोयना, वारणा या नद्यांत पुष्कळ ठिकाणी थोडे खणले की काळा खडक लागतो. त्यावर खांब उभा केला की तो हलत नाही. गंगेच्या मैदानातील नद्यांची गोष्ट वेगळी. तेथे हातावर हात वाळू आणि गाळ. दगडी पुलाचा सारा भार कमानींवर असतो. कमानीचे दगड एकमेकांस रेटून उभे राहतात. मधला चावीचा दगड बसला की खालचा लाकडी सांगाडा काढून घेतला तरी कमान पडत नाही. पण कमान हा भार दोन्ही बाजूंच्या खांबांवर ढकलीत असते. खांब बोटभर जरी खचला, तरी कमानीस तडा जातो. पुराच्या वेळी पाणी खांबाभोवती भोवरे घेते व बुडाची वाळू उपसून नेते. म्हणून वाळूच्या नदीत खांबाखाली खोल विहिरीसारखे पाये घालावे लागतात. विहिरीचे गोल बांधकाम वरून चढवीत जावयाचे आणि आतील वाळू उपसून ते खाली खाली बसवावयाचे, असे हे किचकट काम असते. पावसाळा येण्यापूर्वी ते हाताबाहेर काढले नाही, तर वर्षाची मेहनत पाण्यात जाते. नानांच्या हयातीत हा पूल पुरा झाला नाही.

इकडे पुण्यातही नानांच्या आयुष्याचा शेवटचा काळ सुखाचा गेला नाही. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याच्या रणांगणावर मराठ्यांनी निजामास हरविले. सर्व मराठे सरदार एका निशाणाखाली लढण्याचा तो अखेरचा प्रसंग. त्या फौजेचे सेनापती होते तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन. आजच्या सांगली जिल्ह्यातील तासगावास गोपुर असलेले गणपतीचे जे सुंदर देऊळ आहे, ते यांनीच बांधविलेले. भाऊंचा व नानांचा स्नेह फार जुना. परंतु त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात तरुण सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या माडीवरून खाली पडून वारले. ज्या मुलास नानांनी चाळीस दिवसांचा असल्यापासून जपले, तो एकविसाव्या वर्षी गेला. जपणूक आणि पहारा यांतील अंतर नानांस कळले नाही, असा ठपका त्यांच्यावर तेव्हापासून आहे आणि तो सर्वस्वी खोटा म्हणता येत नाही.

नवा पेशवा कोण, या वादात जुने स्नेही दुरावले. १७९६ मध्ये नाना पुण्याबाहेर पडले, साताऱ्यास गेले आणि तेथून वाईस येऊन राहिले. मेणवलीचा घाट तेथून हाकेच्या अंतरावर. पण तेथेही विसावा नव्हता. पुण्याहून परशुरामभाऊंची फौज आपल्या रोखाने येत आहे, असे कळताच चौपन्न वर्षांचे, दुखणाईत नाना सह्याद्रीचा घाट उतरून कोकणात महाडास निघून गेले. महाडास बसून त्यांनी लेखणीच्या जोरावर पुन्हा सारा डाव फिरविला. वर्षअखेर ते पुण्यास परतले आणि दुसरे बाजीराव पेशवे झाले. त्याच बाजीरावांच्या कारकीर्दीत, १७९७ च्या अखेरच्या दिवशी, दौलतराव शिंद्यांच्या सरदाराने नानांस विश्वासाने बोलावून कैद केले व अहमदनगरच्या किल्ल्यात ठेविले. काही महिन्यांनी सुटका झाली, पण शरीर खंगले होते. १३ मार्च १८०० रोजी पुण्यात नानांनी देह ठेविला. वंश चालविण्यास पुत्र नव्हता. मागे राहिल्या त्या पत्नी जिऊबाई वयाने अगदी लहान होत्या.

नानांच्या मृत्यूनंतर सुमारे तीस वर्षांनी कर्मनाशेचा प्रश्न पुन्हा निघाला. काशीचे धनिक पटनीमल यांनी पुलासाठी द्रव्य दिले. बांधकामाची दृष्टी जेम्स प्रिन्सेप या इंग्रज गृहस्थाची होती. प्रिन्सेप काशीच्या टांकसाळीत अधिकारी होता. पुढे सम्राट अशोकाच्या शिलालेखांतील ब्राह्मी लिपी ज्याने वाचून दाखविली, तोच हा. विहिरींचे पाये, वाळूचा उपसा, पुराचे दिवस या साऱ्याशी त्यालाही झगडावे लागले. अखेर दगडी पूल उभा राहिला आणि यात्रेकरू पायास पाणी न लावता पलीकडे जाऊ लागले.

जिऊबाईंनी नानांच्या पश्चात पुष्कळ हाल सोसले. पेशवाईच्या पडत्या काळात त्यांस लोहगडावर आश्रय घ्यावा लागला. पुढे त्या मेणवलीच्या वाड्यात येऊन राहिल्या. नानांचे दप्तरही याच वाड्यात सांभाळून ठेवलेले होते. सरदारांची पत्रे, हेरांच्या बातम्या, हिशेबाचे ताळेबंद असे हजारो कागद रुमालांत बांधून तेथे पडून होते. साताऱ्याचे इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या संग्रहात ते आले आणि तो संग्रह १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. मराठ्यांच्या इतिहासाचे अभ्यासक तेथे जाऊन ते कागद वाचतात.

तुम्ही मेणवलीस गेलात, तर वाड्याच्या मागील दाराने घाटावर उतरा. खालच्या पायऱ्यांच्या कडा पाण्याने आणि माणसांच्या वर्दळीने गुळगुळीत झाल्या आहेत. पावसाळ्यात कृष्णा चढली की त्या पायऱ्या दिसेनाशा होतात; पाणी ओसरले की पुन्हा उघड्या पडतात आणि गावातील बायका धुणे घेऊन तेथे येतात.